उतारवयातल्या प्रेमाचा कोणता चित्रपट वडिलांसोबत आणि भावासोबत बसून पाहावा?

पळसफूल

सर्वांना नमस्कार. माझे माहेर यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आहे आणि मी शेजारच्या तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिकवते. आई जाऊन सहा वर्षे झाली. वडील सदुसष्ट वर्षांचे आहेत, वावर अजून स्वतः पाहतात आणि रोज संध्याकाळी गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला न चुकता जातात. त्याच प्रार्थनेला गावातल्या एक निवृत्त अंगणवाडी सेविका येतात. त्यांचे यजमान वारून बारा वर्षे झाली आणि एकुलती मुलगी लग्न होऊन दूर गेली. सारे गाव त्यांना बाई म्हणते.

पोळ्याला मी माहेरी गेले, तेव्हा वडिलांच्या खंजिरीची सैल झालेली एक चकती तांब्याच्या बारीक तारेने नीट बसवलेली दिसली. कोणी बसवली असे विचारले, तर त्यांनी खंजिरी माझ्या हातातून घेतली, एकदा वाजवून पाहिली आणि "बाईनं" एवढेच म्हणाले. आई गेल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर तसा उजेड मी पाहिला नव्हता.

भावाला हे पटलेले नाही. तो मनाने वाईट नाही. घर, वावर, बैलजोडी आणि वडिलांची औषधे हे सगळे तोच आणि वहिनी सांभाळतात. परंतु विषय निघाला की तो "लोकं काय म्हनतीन" एवढे बोलून उठून जातो. म्हणून वाटले की कापसाची वेचणी आटोपल्यावर, संक्रांतीच्या सुमारास, सर्वांनी मिळून एखादा हलकाफुलका चित्रपट पाहावा. वाद घालताना जे ऐकून घेतले जात नाही, ते हसताना ऐकून घेतले जाते, असा माझा वर्गातला अनुभव आहे. चित्रपट हिंदी किंवा मराठी असावा, कारण वडिलांना इंग्रजी समजत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या प्रेमाची त्यात टिंगल नसावी, एवढी एकच अट आहे.

मास्तर_निवृत्त

ताई, तुमच्या अटीत बसणारा चित्रपट १९७८ साली बासू चटर्जींनी करून ठेवला आहे. त्याचे नाव 'खट्टा मीठा'. चार मुलांचा विधुर बाप आणि तीन मुलांची विधवा आई लग्न करतात आणि ही सात मुले एका घरात आल्यावर जे घडते, तो सगळा विनोद आहे. अशोक कुमार यांचे वय तेव्हा सहासष्टच्या पुढे होते. पर्ल पदमसी यांनी ती विधवा केली आहे. १९६८ च्या एका अमेरिकन चित्रपटावरून ही कल्पना घेतलेली असली, तरी बासूदांनी ती मुंबईच्या पारशी घरात अशी रुजवली आहे की कलम केल्याची खूण दिसत नाही.

त्या दोघांचे प्रेम गरजेतून सुरू होते, ही त्यातली मला सर्वांत भावलेली गोष्ट. त्याच्या घराला बाईमाणसाचा हात हवा आहे आणि तिला आधार हवा आहे. मित्राने सुचवले म्हणून दोघे भेटतात आणि अवघडून बसतात. आपल्याकडे पाहण्याच्या कार्यक्रमाला पोरीपोरे अवघडतात, अगदी तसेच हे पिकल्या केसांचे दोघे अवघडतात. पाहणाऱ्याला हसू येते, पण ते हसू त्यांच्या बाजूचे असते. पुढे हळूहळू गरज मागे पडते आणि माया पुढे येते. आपल्या खेड्यांतही बहुतेक संसार याच क्रमाने उभे राहिले आहेत, त्यामुळे तुमच्या वडिलांना त्यात परके काही वाटणार नाही.

संत्राबाग

मास्तरांनी सुचवलेला चित्रपट उत्तमच आहे, पण तुमचा भाऊ तरुण असेल तर त्याला जुन्या चित्रपटाची गती संथ वाटेल. आर. बाल्की यांचा 'चीनी कम' (२००७) पाहावा. लंडनमधला चौसष्ट वर्षांचा आचारी आणि चौतीस वर्षांची स्त्री यांची ती गोष्ट आहे आणि भांडणाला सुरुवात पुलावात पडलेल्या साखरेवरून होते. मुलीचा बाप होणाऱ्या जावयापेक्षा वयाने लहान असतो आणि हे लग्न होऊ नये म्हणून उपोषणाला बसतो. आमच्या वरुडकडे हा चित्रपट घरोघरी चवीने पाहिला गेला.

कापूसवेचणी

संत्राबाग भाऊ, मला तुमचे म्हणणे मान्य नाही आणि कारण सविस्तर लिहिते.

'चीनी कम' मध्ये पुरुष चौसष्टचा आहे आणि स्त्री चौतीसची. म्हणजे प्रेम उतारवयात आले ते एकट्या पुरुषाला. साठीच्या बाईवर कोणाचा जीव जडू शकतो, हे तो चित्रपट कुठेच सांगत नाही. आपल्या गावांत नेमके हेच चालत आले आहे. बायको वारली की वर्षाच्या आत पुरुषासाठी सोयरे स्थळ शोधू लागतात आणि त्याला कारण असते ते "त्याच्या भाकरीचे काय?" हे. बाईची भाकर ती स्वतःच थापते, म्हणून तिच्यासाठी कोणी सोयरा घराबाहेर पडत नाही.

मी अडतीसाव्या वर्षी विधवा झाले, आज पन्नाशी ओलांडली आहे. दिवसभर वावरात बायांचा घोळका सोबत असतो, बोलणे असते, हसणे असते. संध्याकाळी चूल पेटवली की घरात बोलायला कोणी नसते. या एकटेपणाला प्रेमाची ओढ म्हणायची की आणखी काही, हे मला ठरवता येत नाही. पण ज्या चित्रपटात माझ्या वयाची बाई पडद्यावर मनापासून हसते आणि कोणीतरी तिच्याकडे मन लावून पाहते, तो चित्रपट मला माझा वाटतो. पळसफूल ताई, बाईंनाही जो चित्रपट आपला वाटेल, तोच निवडावा.

टुरिंगटॉकीज

कापूसवेचणी ताईंचा मुद्दा फार मोलाचा आहे. त्याला जोडून एक आठवण सांगतो.

माझे वडील यात्रांमधून फिरणाऱ्या तंबूतल्या सिनेमात यंत्र चालवत. बायकांची आणि पुरुषांची बसायची जागा मधल्या कनातीने वेगळी केलेली असे आणि पडद्यावर काय चालले आहे, हे प्रेक्षकांच्या आवाजावरून मला तंबूबाहेर कळत असे. 'शौकीन' नावाचा १९८२ चा चित्रपट लागला होता. तोही बासू चटर्जींचाच. अशोक कुमार, उत्पल दत्त आणि ए. के. हंगल हे तीन म्हातारे एका तरुणीच्या मागे लागतात, अशी ती गोष्ट आहे. चित्रपट चांगला आहे, ते तिन्ही नट थोर आहेत. मात्र त्या रात्री तंबूत कनातीच्या एकाच बाजूने हसू येत होते, दुसरी बाजू गप्प होती, हे मला लख्ख आठवते.

चार वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने केलेले हे दोन चित्रपट. 'शौकीन' मध्ये म्हाताऱ्यांची हौस हा विनोदाचा विषय आहे. 'खट्टा मीठा' मध्ये म्हाताऱ्यांच्या हौसेने इतरांची जी तारांबळ उडते, ती विनोदाचा विषय आहे. पहिल्यात आपण त्यांना हसतो, दुसऱ्यात त्यांच्या सोबतीने हसतो. ताईंनी निवड करताना हा फरक पाहावा, म्हणजे चूक होणार नाही.

झाडीपट्टी

मी झाडीपट्टीतला, म्हणजे पूर्व विदर्भातल्या वडसा भागातला. आमच्याकडे भाऊबीजेपासून होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. गावात शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, भरला की त्या रात्री नाटक ठरलेलेच असते. हजारो माणसे थंडीत गोधड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. या नाटकांत विनोदी नटाला नायकाच्या बरोबरीचा मान आहे. २०२३ साली आमच्या रंगभूमीचे कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाच्या प्रत्येक गावाला ती आपल्याच घरी आल्यासारखी वाटली.

हे सांगण्याचे कारण असे की आमच्या नाटकांत म्हातारा-म्हातारीचा प्रवेश आला की मंडप हसून दणाणतो. पण मी इतकी वर्षे पाहतो आहे, बहुतेक वेळा ती म्हातारा-म्हातारीची जोडी नवरा-बायकोच असते. विधुर आणि विधवा यांची जोडी विनोदी प्रवेशात मी फार क्वचित पाहिली. विधवा रंगमंचावर आली की पेटीचा सूर बदलतो आणि प्रेक्षक पदर डोळ्यांना लावायच्या तयारीत बसतात. तिच्या वाट्याला करुण रस एवढाच येतो. पांढऱ्या कपाळाची बाई खळखळून हसते आहे आणि तिच्यासोबत मंडप हसतो आहे, असा प्रवेश कोणी लिहिला, तर झाडीपट्टी तो उचलून धरील, अशी माझी खात्री आहे.

नागपूरकर_सून

इंग्रजी चित्रपट ताईंना चालणार नाहीत, तरी एक चित्रपट निदान ताईंनी स्वतः पाहावा म्हणून लिहिते. 'अवर सोल्स ॲट नाइट' (२०१७) हा चित्रपट 'द लंचबॉक्स' करणाऱ्या रितेश बत्रा यांनी अमेरिकेत केला आहे. अमेरिकेतल्या एका लहानशा गावात एक विधवा एके संध्याकाळी शेजारच्या विधुराच्या दारावर टकटक करते आणि विचारते की रात्री माझ्याकडे येऊन झोपशील का, फक्त गप्पा मारायला, कारण रात्र सरत नाही. जेन फोंडा आणि रॉबर्ट रेडफोर्ड यांनी ते दोघे केले आहेत.

तो पहिल्या रात्री रात्रीचे कपडे कागदी पिशवीत घालून, कोणी पाहू नये म्हणून तिच्या मागच्या दाराने येतो. ती त्याला सांगते की मागच्या दाराने येऊ नकोस, समोरून ये, लोक काय म्हणतील याकडे लक्ष द्यायचे नाही असे मी ठरवले आहे. गाव कुजबुजते. तिच्या मुलाला ते पसंत पडत नाही, आणि शेवटी त्या मुलाच्या संसारासाठी तिला ते गाव सोडावे लागते. विनोद त्यात मंद आहे, पोट धरून हसावे असा नाही. पण त्या मागच्या दाराचा प्रसंग पाहिला तेव्हा मला कोलोरॅडोतले गाव दिसलेच नाही. हिंगणघाटजवळचे माझे आजोळ दिसले.

मास्तर_निवृत्त

सूनबाई, मागच्या दाराचा विषय तुम्ही काढला म्हणून लिहितो. आपल्याकडच्या अनेक शेतकरी जातींमध्ये विधवेचे दुसरे लग्न पूर्वापार चालत आले आहे. त्याला पाट लावणे म्हणत. पाट नवा नव्हता, निषिद्ध नव्हता. फक्त तो रात्री लावीत. वाजंत्री नाही, मांडव नाही, दिवसाचा मुहूर्त नाही. लग्नाला होकार होता, उजेडाला नकार होता. पुढे प्रतिष्ठित दिसण्याच्या नादात कित्येक घरांनी पाट लावणेही सोडले. म्हणजे जे मागचे दार उघडे होते, तेही आपण लावून घेतले. आमच्या आजीच्या पिढीत ज्याला गावाने मान डोलावली असती, त्याला आज तिची नातवंडे "लोक काय म्हणतील" असे म्हणतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वाशीमचा_मुलगा

आतापर्यंत कोणी मुलांच्या बाजूने लिहिले नाही, म्हणून लिहितो. कोणाचे मन दुखवण्याचा हेतू नाही.

माझ्या वडिलांनी आई गेल्यानंतर तीन वर्षांनी दुसरे लग्न केले. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. या सर्व चित्रपटांत विरोध करणारा मुलगा एक तर स्वार्थी असतो किंवा लोकलाजेला भिणारा असतो आणि शेवटच्या दहा मिनिटांत त्याला उपरती होते. मला ना वावराची हाव होती, ना लोकांची भीती. आईचा फोटो बैठकीत होता. नवी आई घरात यायच्या आदल्या दिवशी तो कोणीतरी काढून आतल्या खोलीत ठेवला. भिंतीवर फोटोच्या आकाराचा चौकोन तेवढा जुन्या रंगाचा राहिला. मी वडिलांशी वर्षभर नीट बोललो नाही, ते त्या चौकोनामुळे. हे कोणत्याही चित्रपटात मी पाहिलेले नाही. पहिली बायको किंवा पहिला नवरा हा गोष्ट सुरू होण्यापुरता मेलेला असतो आणि नंतर त्याचे नाव निघत नाही.

पळसफूल ताई, तुमचा भाऊ उठून जातो, तेव्हा तो लोकांचे नाव पुढे करून आणखी काहीतरी मनात लपवत असेल. चित्रपट दाखवा, पण त्याआधी एकदा आईविषयी त्याच्याशी बोला.

कापूसवेचणी

वाशीमच्या भाऊ, तुमचे लिहिणे वाचून मी बराच वेळ थांबले. माझ्या घरातही यजमानांचा फोटो आहे आणि त्याला रोज फूल वाहते. उद्या आयुष्यात कोणी आले, तरी ते फूल चुकणार नाही. येणाऱ्याला ते समजले पाहिजे, आणि जो समजून घेईल तोच यावा. तुमच्या नव्या आईलाही त्या चौकोनाचे दुःख असेल का, हे तुम्ही कधी विचारले आहे का?

वाशीमचा_मुलगा

विचारले नव्हते, ताई. पुढे तिनेच फोटो पुसून परत लावला, आणि आम्ही बोलायला लागलो ते त्या दिवसापासून. हे मी वर लिहायला हवे होते.

तालुका_वकील

चित्रपटांबद्दल जाणकार मंडळी सांगतच आहेत. माझ्याकडे अशी कुटुंबे येतात, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो. अनेक घरांत प्रेमाला विरोध नसतो, सातबाऱ्याची धास्ती असते, आणि ती धास्ती अनेकदा जुन्या कायद्यातून आलेली असते. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने लग्नाला मान्यता दिली, पण त्याच कायद्यानुसार पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क जात असे. लोकांच्या मनात अजून तेच घट्ट बसले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर विधवेला वारसा म्हणून मिळालेला वाटा तिच्या पूर्ण मालकीचा होतो आणि पुढे लग्न केले म्हणून तो काढून घेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केले आहे.

निवृत्तिवेतनाचे मात्र तसे नाही. उदाहरणार्थ, १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत विधवेचे निवृत्तिवेतन मृत्यू किंवा पुनर्विवाह यांपैकी जे आधी होईल तोवरच मिळते. पुष्कळ जोड्या लग्न न करता सोबत राहतात, त्याचे हे एक सरळ कारण आहे. तेव्हा निर्णय घेण्यापूर्वी बाईंनी आपल्याला कोणत्या योजनेतून काय मिळते आणि त्याचा नियम काय, हे लेखी पाहून घ्यावे.

वडिलांकडच्या बाजूने एवढेच सांगतो की दुसरी पत्नी ही मुलांच्या बरोबरीची वारस ठरते. भावाच्या मनात हा प्रश्न असेल, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. तो बोलून, कागदावर आणून सोडवावा. चित्रपटाच्या लेखकांना हा भाग रुक्ष वाटतो, म्हणून ते तो गाळतात. खेड्यात प्रेमकथा अडते ती इथेच.

पळसफूल

सर्वांचे मनापासून आभार. वाशीमच्या भाऊंचे वाचून मला रात्री झोप लागली नाही. काल भावाला फोन केला आणि चित्रपटाचा विषय न काढता आईबद्दल बोलले. तो बराच वेळ बोलला. आई गेली त्या वर्षी बोंडअळीने पऱ्हाटी गेली होती, तिच्या औषधाला शेवटी पैसे कमी पडले, हे त्याने इतक्या वर्षांत प्रथमच मला सांगितले. तिच्यासाठी जे करता आले नाही, ते आता दुसऱ्या कोणासाठी व्हावे, हे त्याला सोसत नाही, असे मला समजले.

चित्रपट 'खट्टा मीठा' ठरवला आहे. बैठकीच्या खोलीत सध्या छतापर्यंत कापूस भरलेला आहे, भाव वाढेल म्हणून भावाने थांबवून ठेवला आहे. समोरचे दार त्यामुळे उघडतच नाही आणि सगळी ये-जा परसदाराने चालते. टीव्हीही स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत आणला आहे. तिथेच बसू.

संत्राबाग

ताई, कापूसवेचणी ताईंनी माझी चूक दाखवली, ती मला पटली. मी तो चित्रपट बायकोला पुन्हा दाखवला आणि बाई साठीची असती तर तो इतका गाजला असता का, असे तिला विचारले. ती "नाही" म्हणाली आणि तिने मला 'अग्गंबाई सासूबाई' या मालिकेची आठवण करून दिली. २०१९ साली झी मराठीवर ती सुरू झाली, तेव्हा आमच्या घरी रात्रीचे जेवण त्या वेळेवर ठरायचे. त्यात सुनेने पुढाकार घेऊन विधवा सासूचे लग्न लावून दिले आहे. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक ही दोघे त्यात वयाने जोडीची आहेत. सून मध्ये पडली नसती, तर ती गोष्ट उभी राहिली नसती. तुमच्या वहिनींचे काय मत आहे, हे तुम्ही अजून लिहिलेले नाही.

नागपूरकर_सून

संत्राबाग भाऊंचा प्रश्न योग्य आहे. बाप आणि मुलगा बोलत नसतात, तेव्हा त्या घरात दोघांच्याही ताटाजवळ जाणारी व्यक्ती सूनच असते.

पळसफूल

आज संक्रांत होऊन पाच दिवस झाले. काय झाले ते सांगते.

चित्रपट आम्ही भोगीच्या रात्री पाहिला. सुरुवातीला भाऊ मोबाइल हातात घेऊन दाराजवळ बसला होता. सात मुलांची एका घरात ओढाताण सुरू झाली, तेव्हा माझा नऊ वर्षांचा भाचा मोठ्याने हसला आणि त्याचे पाहून भाऊही हसला. मग त्याने मोबाइल खाली ठेवला. वडील मात्र एकदाही हसले नाहीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून एकटक पाहत राहिले. संपल्यावर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने भाऊ म्हणाला, "पिच्चर चांगला हाये, पन वावर कोनाच्या नावावर राहीन हे काही सांगतलं नाही त्यानं." वकील साहेबांनी लिहिले होते ते मला लगेच आठवले. वडील म्हणाले, "वावर तुयंच हाये. उद्याच करून देतो." भाऊ गप्प बसला. त्याला बहुधा एवढे सरळ उत्तर अपेक्षित नव्हते.

वहिनींनी तेवढ्यात ताटे वाढायला घेतली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "यंदा हळदीकुंकवाले मी बाईले बलावलं हाये."

तालुका_वकील

ताई, आनंद झाला, पण वडिलांना एक गोष्ट सांगा. प्रेमाच्या भरात सगळे वावर एकदम करून देऊ नये. देणारच असतील, तर 'आमचा दोघांचा सांभाळ करावा' ही अट दस्तात लिहून घ्यावी. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ नुसार अशी अट पाळली गेली नाही, तर ते हस्तांतरण रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल, तर पुढे फार अवघड होते. भाऊ चांगला आहे, तरी लिहून घ्यावे. चांगल्या मुलाला अशा अटीचा राग येत नाही.

मास्तर_निवृत्त

वहिनींच्या त्या एका वाक्यासाठी त्यांना माझा नमस्कार सांगा. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि शासनाने तो इतर गावांपुढे ठेवला, तेव्हा मी आमच्या ग्रामसभेत तसाच ठराव मांडला होता. ठराव मंजूर झाला, टाळ्याही वाजल्या. पण हळदीकुंकवाला विधवेला बोलावणारे पहिले घर अजून आमच्या गावाला मिळालेले नाही.

कापूसवेचणी

ताई, हळदीकुंकू कधी आहे? बाई गेल्या का, हे ऐकल्याशिवाय मला राहवणार नाही. बोलावणे आले, तरी जायला पाय उचलत नाही, हे मी जाणते.

पळसफूल

काल रथसप्तमीला झाले. मी शाळेतून रजा घेऊन आले होते.

हळदीकुंकवाच्या बाया परसदाराने कशा येतील, असे वहिनींनी आदल्या दिवशी भावाला विचारले आणि समोरचे दार मोकळे करून द्यायला सांगितले. तो काही बोलला नाही. सकाळी उठून पाहते तो भाऊ आणि वडील दोघे मिळून बैठकीतला कापूस गाठोडी बांधून आतल्या खोलीत नेत होते. दोघांच्या डोक्यावर, भुवयांवर कापूस. दुपारपर्यंत काम चालले. शेवटी भावाने आईचा फोटो उतरवला, त्यावर बसलेला कापूस पुसला आणि जिथला तिथे लावला. मी मुद्दाम पाहत होते. समोरच्या दाराची कडी इतके दिवस न हललेली, तेल घालून उघडावी लागली.

पाच वाजता बाया येऊ लागल्या. बाई सर्वांत शेवटी आल्या, फिकट जांभळे लुगडे नेसून, आणि ओटीच्या खालीच उभ्या राहिल्या. वडील तेव्हा प्रार्थनेला निघून गेले होते, मला वाटते मुद्दामच. वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन दाराशी गेल्या, पण बाईंचा पाय पायरीवर पडत नव्हता. आतल्या दोन-तीन बाया एकमेकींकडे पाहू लागल्या होत्या. भाऊ अंगणात बैलांना कडबा टाकत होता. त्याने हातातली पेंढी खाली ठेवली आणि चालत आला. बाईंच्या पदराला उंबऱ्याबाहेर सांडलेल्या कापसाचा एक पुंजका चिकटला होता. त्याने तो काढला आणि म्हणाला, "बाई, पदराले कापूस लागला तुमच्या. या ना अंदर."

वहिनींनी वाण म्हणून स्टीलचा डबा दिला. बाईंनी कपाळ पुढे केले, तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.